खांद्यावरची तीन बोटे

आमच्या आजीचे एकच छायाचित्र आमच्या घरी होते. निपाणीतील एका तंबाखूच्या वखारीच्या दारात, १९६४ च्या सुमारास, कोणा फिरत्या छायाचित्रकाराने ते टिपलेले. मागे पोत्यांची थप्पी, अर्धे उघडे लाकडी दार आणि पुढे पदर खोचून उभी असलेली आजी. घराला नवा रंग दिला, तेव्हा हे धुरकट चित्र भिंतीस शोभेना असे आम्हांसच वाटले. चौकटीसकट ते आम्ही बेळगावातील एका स्टुडिओत नेले आणि तेथील तरुणास सांगितले, "मागचे सगळे काढा, काही प्रसन्न घाला."

आठ दिवसांनी आजी एका बागेत उभी राहिली. मागे कारंजे, निळे आकाश, गुलाबांचे ताटवे. मोठ्या समाधानाने आम्ही ते चित्र आत्याला दाखविले. तिने चष्मा सावरला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ही बोटं कुणाची रे?"

आजीच्या डाव्या खांद्यावर तीन बोटे होती. त्या बोटांना हात नव्हता, हातामागे माणूस नव्हते. "आईची जोडीदारीण होती ती," आत्या म्हणाली, "तंबाखू चाळायला दोघी शेजारी बसायच्या. बोटं ठेवलीस, बाई कुठं घालवलीस?" मूळ चित्रात कडेला, दाराच्या सावलीत, ती अर्धवट दिसत असे. आम्ही मात्र तिला इतकी वर्षे पार्श्वभूमीतच जमा धरले होते.

तसे पाहिले तर चित्राची पार्श्वभूमी बदलण्याची हौस काही आजची नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आजोबांचे एखादे तरी छायाचित्र असेल, ज्यात मागे राजवाड्याचा जिना, संगमरवरी खांब नाहीतर कमळांचे तळे दिसते. आजोबांच्या गावी राजवाडा नव्हता, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे. तो स्टुडिओतील रंगविलेला पडदा. हे पडदे आणि आपल्या संगीत नाटकांचे पडदे एकाच घराण्यातले. निपाणीहून तासाभराच्या वाटेवरील कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर नाटकमंडळ्यांसाठी असेच पडदे रंगवीत. त्याच हाताने पुढे बाबूरावांनी १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट पडद्यावर आणला. मात्र त्या पडद्यात एक प्रामाणिकपणा होता. खाली पाहिले की पडद्याची सुरकुती दिसे, सतरंजीची कड दिसे. पाहणारा फसत नसे. तो त्या हौसेत सामील होत असे.

संगणकाचा पडदा सुरकुती दाखवीत नाही. थॉमस व जॉन नोल या अमेरिकन बंधूंनी घडविलेला 'फोटोशॉप' हा कार्यक्रम फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आला आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात 'लेयर' म्हणजे थरांची सोय झाली. १९९६ पासून 'गिम्प' हा विनामूल्य कार्यक्रमही उपलब्ध आहे. आता तर हातातला फोन क्षणात माणूस वेगळा काढतो. पासपोर्टच्या छायाचित्रास पांढरी पार्श्वभूमी लागते, तेव्हा ही सोय वरदानच ठरते. ती कोणी नाकारू नये.

हे काम चालते कसे, तेही समजून घेण्याजोगे आहे. प्रथम मूळ चित्राची मोठी, सुस्पष्ट प्रत संगणकात घेतात. मग माणसाच्या बाह्यरेषेवरून 'सिलेक्शन' करतात. खांदे, हात सोपे. खरी परीक्षा केसांची आणि विरळ पदराची. नव्या पार्श्वभूमीचा थर माणसाच्या थराखाली सरकवितात. एवढ्यावर भागत नाही. माणसाच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि बागेत ऊन उजवीकडून, असे झाले की चित्र खोटे बोलू लागते. पायाखालची सावली विसरली, तर माणूस अधांतरी तरंगतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : मागचा भाग दोन रीतींनी नाहीसा करता येतो. एक खोडरबराने पुसून. दुसरी 'मास्क' घालून. मास्क म्हणजे चित्रावर घातलेला बुरखा. तो काळा असेल तेथे चित्र झाकते, पांढरा असेल तेथे दिसते, करडा असेल तेथे अर्धवट दिसते. खालचे चित्र जसेच्या तसे राहते.

हा भेद आम्हांस पुस्तकातून कळला नाही. आत्याच्या प्रश्नाने अस्वस्थ होऊन आम्ही मूळ छायाचित्र चौकटीतून काढू लागलो. ते जुन्या काचेला घट्ट चिकटले होते. घाईने ओढताना नेमकी ती कडच फाटली आणि दाराच्या सावलीतली बाई काचेवर डागासारखी उरली. एका माणसाला आम्ही दोनदा पुसले होते; एकदा हौसेने, एकदा उतावळेपणाने.

खालमानेने पुन्हा स्टुडिओत गेलो. सारी हकीकत ऐकून तो तरुण हसला. "पुसलं नाही काका, झाकलंय फक्त," असे म्हणून त्याने संगणकावर एक खूण दाबली. बाग गेली. पोती आली, दार आले आणि आजीच्या खांद्यावर हात ठेवलेली ती बाईही आली. त्याने काम थरांसकट जपले होते. निव्वळ जेपीईजीत ठेवले असते, तर सारे थर एक होऊन वखार कायमची गेली असती.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच. पार्श्वभूमी अवश्य बदला, पण मूळ प्रत निराळी जपून ठेवा. काचेला चिकटलेले छायाचित्र स्वतः सोलू नका. काचेसकटच त्याची प्रत घ्या. कारागिराकडून थरांसह फाईल मागून घ्या. आणि बदलण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडील माणसाला मागे कोण उभे आहे, कोणते दार आहे, कोणती पाटी आहे, हे विचारून गावाच्या व सालाच्या नोंदीसह लिहून ठेवा. आपल्या सीमाभागातील कित्येक वखारी, दुकाने, पाट्या आज अशा चित्रांच्या मागच्या बाजूलाच काय त्या शिल्लक आहेत.

आमच्या भिंतीवर आता वखारीचेच चित्र आहे. त्या बाईचे नाव आत्याला आठवले. चित्रामागे आजीच्या नावाशेजारी तेही लिहिले आहे.