मर्यादेपलीकडचा वेग आणि कायद्याचे चार प्रश्न

वेगमर्यादा ओलांडणाऱ्या चालकाला होणारी शिक्षा म्हणजे मोबाइलवर येऊन पडणारे ई-चलान आणि त्यावरील हजार-दोन हजारांची रक्कम, असा समज सर्वत्र रूढ असला, तरी भारतीय कायद्यात ही रक्कम म्हणजे अतिवेगाच्या परिणामांची केवळ पहिली पायरी असते आणि तिच्यापुढे परवाना जप्त होणे, विनावॉरंट अटक, कारावास आणि भरपाईचे दावे अशा आणखी पायऱ्या असतात. यांपैकी कोणती पायरी लागू होईल हे वेगमापकावरील आकड्याइतकेच इतर गोष्टींवर अवलंबून असते, कारण एकाच वेगाकडे कायदा चार निरनिराळे प्रश्न घेऊन पाहतो: तो वेग किती होता, तो कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या परिस्थितीत होता, त्यातून काय घडले, आणि जे घडू शकत होते त्याची चालकाला कितपत जाणीव होती.

मर्यादा कोण ठरवते

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ नुसार वाहनांच्या प्रत्येक वर्गासाठी कमाल वेग ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि त्याच कलमान्वये राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, अथवा रस्त्याचे किंवा पुलाचे स्वरूप पाहून, विशिष्ट पट्ट्यासाठी वेगळी मर्यादा घालू शकते. त्यामुळेच ताशी १५० किलोमीटर वेग गृहीत धरून आखलेल्या समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला १०० ची मुभा असलेल्या मोटारीला घाटात ६० वर यावे लागते, तर वांद्रे-वरळी सागरी सेतूवर ८० पलीकडे जाता येत नाही. रस्त्याची क्षमता आणि त्यावरील कायदेशीर वेग या दोन वेगळ्या गोष्टी असून, रीतसर अधिसूचना काढून लावलेला वेगाचा फलक हा सल्ला नसतो, तर त्या पट्ट्यापुरता तो कायदाच असतो.

पहिला प्रश्न : वेग किती होता

मर्यादा ओलांडली एवढ्याच गोष्टीची शिक्षा कलम १८३ मध्ये सांगितली आहे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ४०० रुपये दंड होता; दुरुस्तीनंतर हलक्या वाहनासाठी तो १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड मालवाहू किंवा प्रवासी वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये असा झाला, आणि गुन्हा पुन्हा घडल्यास परवाना जप्त करण्याची तरतूद त्याला जोडली गेली. हा खटला न्यायालयात न नेता ठरावीक रक्कम भरून मिटवता येतो, त्या रकमेला तडजोड शुल्क म्हणतात आणि महाराष्ट्राने वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. या कलमाखाली अपघात झाला होता का, रस्त्यावर कोणी होते का किंवा चालक किती निष्णात होता, यांपैकी कशाचाही विचार होत नाही.

अशा गुन्ह्यात सगळी भिस्त मोजमापावर असते आणि म्हणूनच कायद्याने पुराव्याबाबत एक अट घातली आहे. गाडी भरधाव होती असे एकाच साक्षीदाराचे मत असेल, तर केवळ त्यावरून कोणालाही दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने घेतलेल्या मोजमापावर आधारलेले असावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत समाविष्ट झालेल्या नियम १६७अ ने ही अट कॅमेऱ्यांच्या काळाला साजेशी केली: उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, निगराणीखालील पट्ट्याच्या आधी तसा फलक असावा, चलानासोबत वाहनक्रमांक दिसणारे छायाचित्र, उपकरणाने नोंदवलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण द्यावे, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कायद्याने आवश्यक केलेले प्रमाणपत्रही जोडावे. चलान चुकीचे आहे असे ज्याला वाटते, त्याने प्रथम याच गोष्टी तपासून पाहायच्या असतात.

द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये सुरू झालेल्या स्वयंचलित वाहतूक व्यवस्थापन यंत्रणेत एका जागचा वेग मोजण्याबरोबरच कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमधील सरासरी वेगही काढला जातो. दोन कमानींमध्ये १० किलोमीटरचे अंतर असेल आणि ते पाच मिनिटांत कापले गेले असेल, तर सरासरी ताशी १२० येते, आणि कॅमेऱ्यापुढे तेवढ्यापुरता ब्रेक दाबून पुन्हा वेग घेण्याची सवय असलेला चालकही या हिशेबातून सुटत नाही.

कॅमेऱ्याला दिसते ती गाडी, चालक नव्हे. त्यामुळे चलान नोंदणीकृत मालकाच्या नावाने निघते आणि त्या वेळी गाडी कोण चालवत होते याची माहिती देण्याचे बंधन कलम १३३ मालकावर घालते. याहून महत्त्वाची आणि फारशी चर्चेत नसलेली तरतूद अशी, की आपल्या नोकराला किंवा आपल्या नियंत्रणाखालील व्यक्तीला मर्यादेबाहेर गाडी हाकायला लावणारा मालकही कलम १८३ खाली तितकाच दोषी असतो. एखादे वेळापत्रक मर्यादा पाळून पुरे करणे शक्यच नाही असे न्यायालयाला वाटले, तर ते वेळापत्रक प्रसिद्ध करणे किंवा तसा आदेश देणे हाच त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरला जाणारा पुरावा, मानला जातो. रात्रीच्या खासगी बसचा मालक, फेऱ्यांवर मजुरी देणारा डंपरमालक आणि मिनिटांच्या हिशेबात घरपोच सेवा देणारी कंपनी, या सर्वांना ही तरतूद लागू होऊ शकते.

दुसरा प्रश्न : कोठे आणि कसा

मर्यादा थोडक्यात ओलांडणे आणि ८० च्या पट्ट्यात १६० ने जाणे यांत कलम १८३ भेद करत नाही. तो भेद करायचा तर कलम १८४ कडे वळावे लागते. लोकांना धोका होईल, किंवा गाडीतील प्रवासी, रस्त्यावरील इतर लोक वा रस्त्यालगतच्या व्यक्ती भयभीत होतील अशा वेगाने अथवा रीतीने गाडी चालवणे हा या कलमाखालील गुन्हा असून, तो ठरवताना रस्त्याचे स्वरूप, त्याची अवस्था, त्याचा वापर आणि त्या वेळी असलेली किंवा अपेक्षित असलेली रहदारी पाहिली जाते. साहजिकच मोकळ्या महामार्गावर जो वेग केवळ दंडाला पात्र असेल, तोच शाळा सुटण्याच्या वेळी शाळेपुढच्या रस्त्यावर धोकादायक चालनाच्या व्याख्येत बसतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हा गुन्हा गणवेशातील पोलिसासमोर घडला, तर कलम २०२ नुसार त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. साध्या अतिवेगासाठी हा अधिकार दिलेला नाही. सरकारच्या लेखी संमतीशिवाय रस्त्यावर शर्यत लावल्यास कलम १८९ लागू होते आणि त्यात पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.

परवान्यावरील कारवाईचा मार्ग याला समांतर जातो. अतिवेग, धोकादायक चालन किंवा शर्यत यांचा संशय घेण्यास कारण असेल, तर अधिकारी कलम २०६ नुसार परवाना ताब्यात घेऊन तो परवाना देणाऱ्या प्राधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात आरटीओकडे, पाठवतो. मोबदल्यात मिळणाऱ्या पोचपावतीवर गाडी चालवता येत नाही. त्यानंतर कलम १९ खाली चालकाचे म्हणणे ऐकून घेऊन त्याला ठरावीक काळासाठी अपात्र ठरवता येते किंवा परवाना रद्दही करता येतो, आणि या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करण्याची मुभा असते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना असे निर्देश दिले होते, की अतिवेगासाठी परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. अपात्र असताना गाडी चालवणे हा कलम १८२ नुसार स्वतंत्र गुन्हा असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्याचे पोट गाडी चालवण्यावर आहे, त्याच्या दृष्टीने दंडाच्या रकमेपेक्षा हे तीन महिने कितीतरी महाग पडतात.

तिसरा आणि चौथा प्रश्न : काय घडले आणि काय ठाऊक होते

माणूस जखमी झाला किंवा मरण पावला, की मोटार वाहन अधिनियमाच्या जोडीला १ जुलै २०२४ पासून अमलात आलेली भारतीय न्याय संहिता येते. मानवी जीवित धोक्यात येईल इतक्या बेदरकारपणे गाडी चालवल्यास कोणालाही इजा झाली नसली तरी कलम २८१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो, गंभीर दुखापत झाल्यास कलम १२५ नुसार तो तीन वर्षांपर्यंत जातो, आणि मृत्यू ओढवल्यास कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४अ मध्ये ही कमाल मर्यादा दोन वर्षांची होती. अपघातानंतर पोलीस किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे याच कलमाचे दुसरे पोटकलम मात्र जानेवारी २०२४ मधील ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर सरकारने अमलात आणले नाही.

येथे वेगाच्या आकड्याचे महत्त्व अनपेक्षितपणे कमी होते. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या १९९८ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की वाहन भरधाव होते एवढ्यावरून चालक बेदरकार किंवा निष्काळजी होता हे सिद्ध होत नाही, कारण अधिक वेग ही सापेक्ष कल्पना आहे आणि बेदरकारपणा आजूबाजूच्या परिस्थितीवरून सरकार पक्षाला दाखवून द्यावा लागतो. म्हणजे कॅमेऱ्याची जी नोंद चलानापुरती पुरेशी असते, ती फौजदारी खटल्यात एकटी उभी राहू शकत नाही. तिला टायरच्या खुणा, गाडीची तांत्रिक तपासणी, घटनास्थळाचा पंचनामा आणि प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी यांची जोड लागते.

चौथा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण तो मनातल्या जाणिवेचा आहे. आपल्या कृत्याने कोणाचा तरी जीव जाण्याचा संभव आहे हे चालकाला ठाऊक होते असे सिद्ध झाले, तर तो गुन्हा हयगयीचा न राहता सदोष मनुष्यवधाचा, म्हणजे हेतू नसला तरी परिणामाची जाणीव असताना घडवलेल्या मृत्यूचा, होतो; न्याय संहितेच्या कलम १०५ नुसार त्याला दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो आणि हयगयीच्या गुन्ह्यात हक्काने मिळणारा जामीन येथे तसा मिळत नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा बळी घेणाऱ्या अपघातात सत्र न्यायालयाने हयगयीच्या कलमाखाली सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने आरोप सदोष मनुष्यवधापर्यंत नेऊन ती तीन वर्षे केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्या प्रकरणात वेगाला मद्याची जोड होती, आणि मद्यपान हे अशा खटल्यांत जाणिवेचा वजनदार पुरावा ठरते.

चालक अल्पवयीन असेल तर मोटार वाहन अधिनियमाचे कलम १९९अ दायित्व पालकावर किंवा वाहनमालकावर टाकते: तीन वर्षांपर्यंत कारावास, २५,००० रुपये दंड, १२ महिन्यांसाठी वाहननोंदणी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगरमध्ये अशाच एका अल्पवयीन चालकाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाल्यावर आधी हयगयीचे आणि नंतर सदोष मनुष्यवधाचे कलम लावले गेले. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांतील अंतर त्या वेळी महाराष्ट्रातील घराघरांत चर्चेचा विषय झाले.

भरपाईचा हिशेब

फौजदारी खटल्याखेरीज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाईचा दावा चालतो. अतिवेगाचे कारण पुढे करून विमा कंपनीला त्रयस्थ व्यक्तीची भरपाई नाकारता येत नाही, त्यामुळे पीडिताला संरक्षण मिळते. मात्र जो चालक स्वतःच्या चुकीने मरण पावतो, त्याच्या कुटुंबाची स्थिती वेगळी असते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले, की बेदरकार वेगाने गाडी चालवून स्वतःचाच मृत्यू ओढवून घेतलेल्या चालकाच्या वारसांना विमा कंपनीकडे भरपाई मागता येणार नाही.

दंडाची श्रेणी हवी

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मरण पावली आणि त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदवले गेले. ही नोंद पोलिसांच्या प्राथमिक निष्कर्षांवर आधारलेली असते हे लक्षात घेतले तरी तिचे वजन फारसे कमी होत नाही, कारण वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा, म्हणजे धडकेत बाहेर पडणारी शक्ती, चौपट होते. दंड मात्र या चढत्या धोक्याबरोबर चढत नाही. जर्मनीत शहराबाहेर मर्यादेपेक्षा १६ ते २० किलोमीटर अधिक वेग असल्यास ६० युरो, तर ७० हून अधिक असल्यास ७०० युरो आणि तीन महिने वाहन चालवण्यास बंदी असे टप्पे आहेत. फिनलंडमध्ये २० किलोमीटरपेक्षा अधिक उल्लंघन झाल्यास दंड चालकाच्या उत्पन्नावरून ठरतो. आणि नोकरीनिमित्त दुबईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे अनुभवाने ठाऊक असते, की तेथे ८० हून अधिक किलोमीटरने मर्यादा मोडल्यास ३,००० दिरहम दंड, २३ काळे गुण आणि ६० दिवस गाडी जप्त होते.

भारतात पहिल्या प्रश्नाचे उत्तर कॅमेरा अचूक देतो, परंतु त्या अचूकतेचा शिक्षेवर परिणाम होत नाही आणि १० किलोमीटरचे उल्लंघन व ८० किलोमीटरचे उल्लंघन एकाच चलानात बसतात. कलम २१०अ राज्यांना काही अटींवर दंडाची रक्कम दहापटीपर्यंत वाढवण्याचा अधिकार देते, पण रक्कम सरसकट वाढवल्याने ही उणीव भरून निघत नाही, कारण दोन हजारांचे वीस हजार झाले तरी श्रीमंत चालकाला ते परवडतात आणि डंपर चालवणाऱ्याचे घर त्यात बुडते. मर्यादा फार मोठ्या फरकाने ओलांडणाऱ्याची नोंद तडजोड शुल्कावर न मिटवता आपोआप कलम १८४ च्या तपासाकडे आणि कलम १९ च्या सुनावणीकडे पाठवण्याचा मार्ग आजच्या कायद्यातही उपलब्ध आहे. तो वापरला गेला, तर वेगाचा गंभीर विचार करण्यासाठी कायद्याला कोणाच्या तरी मृत्यूची वाट पाहावी लागणार नाही.