जुने यांत्रिक क्रोनोग्राफ : संग्रह आणि अस्सलपणाचा प्रश्न

साधे घड्याळ वेळ दाखविते. क्रोनोग्राफ त्याखेरीज दोन क्षणांमधील अवधीही मोजतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’ असा असून आरंभी तो अक्षरशः खरा होता. १८२१ साली निकोला रिओसेक याने पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत वापरलेले यंत्र तबकडीवर शाईचा ठिपका उमटवीत असे. (लुई म्वाने याचे १८१६ मधील यंत्र २०१३ साली प्रकाशात आल्यापासून आद्यत्वाचा मान त्याच्याकडे गेला आहे.)

मनगटी क्रोनोग्राफमध्ये कळ दाबताच चालू घड्याळाच्या चक्रमालेशी दुसरी चक्रमाला जोडली जाते. पुन्हा दाबली की ती सुटते. काटा शून्यावर आणण्याची युक्ती तर विलक्षण आहे. काट्याच्या आसावर हृदयाच्या आकाराची चकती असते. तिच्यावर लहानशी हातोडी आदळली की काटा कोठेही असो, चकती गरकन फिरते आणि हातोडी तिच्या खाचेत बसते. १८४४ साली अ‍ॅडॉल्फ निकोल याने या युक्तीचे पेटंट घेतले. तत्त्व आजही तेच आहे.

मोजलेल्या अवधीचा अर्थ मात्र तबकडी सांगते. वळवाच्या दिवसांत वाईहून पाचगणीच्या डोंगरावर वीज चमकताना कळ दाबावी, गडगडाट ऐकू येताच पुन्हा दाबावी. १२ सेकंद भरले, तर अंतरमापक पट्टीवर सुमारे ४ किलोमीटर हा आकडा मिळेल. एक किलोमीटर ४५ सेकंदांत कापणाऱ्या वाहनाचा ताशी ८० किलोमीटर वेगही असाच वाचता येतो. डॉक्टरांसाठी नाडीच्या ठोक्यांची पट्टी छापलेली असे. तबकडी हा या घड्याळाचा मजकूरच होय, आणि संग्राहकांचा वाद तेथेच आहे.

स्विस घड्याळांशी मुंबईचा संबंध जुना. फेवर-ल्यूबा या कंपनीने १८६५ साली तेथे व्यवसाय सुरू केला. दमट हवेने तबकड्या डागाळत. स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवर निर्बंध असल्याने मूळ सुटे भाग दुर्मीळ झाले. कारागीर मग तबकडी नव्याने रंगवीत, एका घड्याळाचे यंत्र दुसऱ्याच्या कवचात बसवीत. ग्राहकाला चालते घड्याळ हवे असे आणि ते त्याला मिळे. यात फसवणूक कोणती? पुढे मात्र अशीच घड्याळे परदेशी संग्राहकांना ‘जशीच्या तशी जुनी’ म्हणून विकली जाऊ लागली आणि त्यांच्या बोलीत ‘मुंबई स्पेशल’ हा हेटाळणीचा शब्द रूढ झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते तो शब्द रंगाऱ्यावर अन्याय करतो. दोष रंगविण्याचा नाही, लपविण्याचा आहे.

अशी तबकडी भिंगाखाली ओळखता येते. अक्षरे जाड व कडेला फुटलेली दिसतात, उपतबकड्यांवरील रेघा मध्याशी जुळत नाहीत, काट्यांवरील चमकद्रव्य पिवळटलेले तर अंकांवरील ताजे असते. काही वेळा मूळ घड्याळात नसलेली वेगपट्टीच नव्याने अवतरते!

धर्मकोशाचे संपादन ज्या वाईत झाले, तेथील वाचकांस हा प्रश्न परका वाटू नये. लेखनिकाने पोथीत घातलेला शब्द प्रक्षिप्त असतो, तरी संपादक तो खोडून टाकीत नाही. पाठभेद म्हणून तळटीपेत नोंदवितो. नंतरची प्रत्येक भर मूल्य घटवितेच असेही नाही. अभिनेते पॉल न्यूमन यांच्या रोलेक्स डेटोना क्रोनोग्राफला २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. त्याच्या मागील झाकणावर पत्नीने कोरून घेतलेला मजकूर होता. कारखान्याच्या दृष्टीने तोही प्रक्षेपच. पण कोणाचा, हे ठाऊक असलेला.

म्हणून रंगविलेली तबकडी हाती आली तर ती खरवडून ‘मूळ रूप’ शोधू नये. खालचा थर बहुधा उरलेलाच नसतो. दुरुस्ती करवून घेताना काढलेले भाग कारागिराकडून मागून घ्यावेत आणि कोणता भाग कोणत्या वर्षी बदलला, याची चिठ्ठी घड्याळाच्या डबीत ठेवावी.