मॅस्टोडॉन: सर्व्हर वेगळे, संवाद एकच

ऑक्टोबर २०१९मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले. निषेध म्हणून अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाची वाट धरली. जर्मनीतल्या ऑयगेन रोचको यांनी २०१६मध्ये सुरू केलेले मॅस्टोडॉन हे एकच संकेतस्थळ नव्हे. वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे चालवलेल्या हजारो सर्व्हरचे (माहिती साठवून पुरवणाऱ्या संगणकांचे) ते जाळे आहे.

‘मित्र दुसऱ्या सर्व्हरवर असेल, तर बोलता येत नाही,’ असा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. बँकेचे उदाहरण घ्या. ठाण्यातल्या कोपरीचा खातेदार ठाणे जनता सहकारी बँकेतून डोंबिवली नागरी सहकारी बँकेतल्या खात्यात पैसे पाठवतो. बँका दोन, व्यवहाराचे नियम सामाईक. मॅस्टोडॉनवरही अ‍ॅक्टिव्हिटीपबमुळे (सर्व्हरनी आपसात संदेश देण्याची सामाईक पद्धत) संदेश पोचतो. मात्र एका सर्व्हरने दुसऱ्याला ब्लॉक केलेले नसावे.

एक्सवरचे (पूर्वीच्या ट्विटरवरचे) फॉलोअर इथे आपोआप येत नाहीत. पुढे मॅस्टोडॉनमध्येच सर्व्हर बदलला, तर फॉलोअर सोबत नेता येतात. जुन्या पोस्ट मागेच राहतात. म्हणून खाते उघडण्यापूर्वी सर्व्हर कोण चालवतो आणि त्याचे नियम काय, हे वाचून घ्यावे.