प्रतिध्वनीचा हिशोब : रोबो, विद्युत्‌दाब आणि अंतर

अमेरिकेत डीन केमेन यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेच्या रोबोटिक्स स्पर्धेत उतरणारी शाळकरी मुले, भिंतीपासून आपला रोबो किती दूर आहे हे जाणण्यासाठी ज्या साधनांचा आश्रय करतात, त्यांत मॅक्सबॉटिक्स कंपनीचा ‘एलव्ही-मॅक्ससोनार-ईझेड१’ हा श्राव्यातीत सेन्सर परिचयाचा आहे. सेकंदाला ४२,००० कंपनांचा, मनुष्याच्या कानास अगोचर असा ध्वनी तो सोडतो, प्रतिध्वनी परतण्यास लागलेला काळ मोजतो, आणि त्यावरून निघालेले अंतर एका तारेवर विद्युत्‌दाबाच्या रूपाने हजर करतो. हा दाब वाचून त्यास एका ठरावीक आकड्याने गुणले की काम संपले, ही समजूत सर्वत्र रूढ असून ती अपुरी आहे.

प्रथम नावामुळे होणारा घोटाळा. या स्पर्धेकरिता वापरल्या जाणाऱ्या ‘डब्ल्यूपीआयलिब’ या लायब्ररीत ‘अल्ट्रासॉनिक’ नावाचा क्लास आहे, सबब आपला सेन्सर त्यालाच जोडावा असे नवशिक्यास वाटते. वस्तुतः तो क्लास एका वाहिनीवर स्पंद पाठवून दुसरीवर प्रतिध्वनीची मुदत मोजणाऱ्या सेन्सरांसाठी आहे. दाबाच्या रूपाने माप देणाऱ्या आपल्या अ‍ॅनालॉग सेन्सरास ‘अ‍ॅनालॉगइनपुट’ हा क्लास लागतो.

याहून खोल रुजलेला गैरसमज गुणकाविषयीचा आहे. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर दर इंचास सुमारे ९.८ मिलिव्होल्ट, हा आकडा मुले कोडमध्ये कायमचा लिहून टाकतात. परंतु सेन्सरचा खरा करार असा की, पुरवठ्याचा जो दाब असेल त्याचा ५१२वा भाग म्हणजे एक इंच. मोटारींच्या ओढीने किंवा अन्य कारणाने पुरवठा ४.८ व्होल्टवर उतरला, तर ६० इंचांवरील भिंत ०.५६२५ व्होल्टच दाखवील, आणि जुन्याच गुणकाने हिशोब करणारा कोड तिला ५७.६ इंचांवर समजेल. कापड तेच राहून मोजणाऱ्याचा गज मात्र लांबावा, तसा हा प्रकार. ज्याने ३.३ व्होल्टवर सेन्सर चालवून ५ व्होल्टचा गुणक ठेवला, त्याला तर तीच भिंत ४० इंचांच्याही अलीकडे भासेल. म्हणून ‘रोबोरिओ’ या नियंत्रकावर ‘गेटव्होल्टेज५व्ही’ने पुरवठ्याचा प्रत्यक्ष दाब दर वेळी विचारून घ्यावा, सेन्सरच्या दाबाला त्याने भागावे आणि मग ५१२ने गुणावे. आर्डुइनो उनोवर, सेन्सर आणि मापनाचा संदर्भ दोन्ही एकाच ५ व्होल्टवर असल्यास, हा दोष आपोआप छेदला जातो व १०२४ पायऱ्यांच्या वाचनाचे निम्मे म्हणजेच इंच. ही सोय रोबोरिओवर गृहीत धरता येत नाही, एवढे ध्यानी असावे.

अ‍ॅनालॉग म्हणजे अखंड आणि म्हणून अतिसूक्ष्म, हाही भ्रमच. रोबोरिओ ५ व्होल्टचे ४,०९६ भाग करतो, म्हणजे दर इंचास आठ. परंतु सेन्सर मुळात पूर्ण इंचांतच बोलतो, आणि जे माप त्याने घेतलेच नाही ते दशांशांत लिहून प्राप्त होत नाही. तद्वतच तो दर ५० मिलिसेकंदांनी नवे माप देतो, तर कोडचे आवर्तन सामान्यतः २० मिलिसेकंदांचे. अर्थात एकच जबानी दोन-तीनदा नोंदली जाते, आणि तिला स्वतंत्र साक्षींचे मोल देऊन वेग काढू जाणाऱ्याची फसगत ठरलेली.

सहा इंचांच्या आतील वस्तूस हा सेन्सर सहा इंचच म्हणतो. शून्य येईपर्यंत पुढे सरकण्याची आज्ञा रोबोस दिली, तर ती कधीच पूर्ण व्हायची नाही. शिवाय वीज मिळताच पहिल्या वाचनाच्या वेळी तो स्वतःस जुळवून घेतो, त्या क्षणी समोरचे चौदा इंच मोकळे असावेत, ही गोष्ट रोबो भिंतीला टेकवून सुरू करणाऱ्यांनी विशेष जपावी.

शेवटचा मुद्दा सरासरीचा. ध्वनी किरणासारखा सरळ रेषेत न जाता शंकूसारखा पसरतो. तिरकी गुळगुळीत भिंत त्याला भलतीकडे परतवते, मऊ कापड त्याला शोषून घेते, आणि शेजारच्या दुसऱ्या सेन्सरचा आवाजही कधी आपलाच प्रतिध्वनी म्हणून स्वीकारला जातो. अशा वेळी येणारे चुकीचे माप किंचित नव्हे, तर कित्येक फुटांनी चुकते, आणि सरासरी त्या एका मापाला सर्व मापांत वाटून टाकते. लागोपाठच्या पाच नव्या मापांचा मध्यक घेतल्यास तसे एकटे माप बाजूला पडते. मात्र त्यापायी पाव सेकंदाचा अवधी खर्ची पडतो, तेव्हा भिंतीजवळ येताना रोबोचा वेग त्या बेताने आधीच उतरवलेला असावा.