नवी यंत्रकरवत गुदमरते तेव्हा

धार-देवासचे पठार समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच. येथे हवा थोडी विरळ. त्यामुळे नव्या करवतीत हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडून ती धूर ओकू शकते. आपण आधी हवेची गाळणी साफ करावी. ताज्या पेट्रोलमध्ये माहितीपुस्तिकेत सांगितले तेवढेच तेल मिसळावे. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर.

इंजिन तापल्यावर ‘एल’ स्क्रू फिरवून चाल एकसारखी करावी. मग ‘टी’ने वेग इतका उतरवावा की साखळी थांबेल, ती फिरत राहिली तर पाय कापला जाण्याची भीती.

‘एच’ स्क्रू मात्र जपून. तो आवळला की आवाज चढतो आणि आपल्याला वाटते, जोर वाढला! पण पेट्रोलबरोबर तेलही घटते आणि पिस्टन जळतो. पूर्ण वेगात किंचित घरघर राहू द्यावी. लाकडात शिरताच ती थांबावी.