खरूज : एक लपलेला शत्रू

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पुष्कळांनी पाहिली असेल. दूरच्या डोंगरातून खापराच्या नळांनी आणलेले पाणी तेथे उंचावरून कोसळते आणि त्याच पाण्याच्या जोरावर एके काळी तेथील जाते फिरत असे. सतराव्या शतकात मलिक अंबराने या नगरासाठी भूमिगत नहरी बांधविल्या. पाण्यावाचून स्वच्छता नाही व स्वच्छतेवाचून आरोग्य नाही, हे या नगराने फार पूर्वीच ओळखले होते. परंतु काही रोग नुसत्या स्नानाने धुऊन जात नाहीत. खरूज हा त्यांपैकी एक होय.

खरूज होते ती एका अतिसूक्ष्म जीवामुळे. हा जीव कीटक नव्हे. कोळी व गोचीड यांच्या वर्गातील तो आठ पायांचा प्राणी आहे. त्याची मादी एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते. ती त्वचेच्या वरच्या थरात बीळ कोरून राहते व रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात. सामान्यतः रोग्याच्या अंगावर असे दहा-पंधराच जीव असतात; पण तेवढ्यांनी सारे अंग खाजून निघते. ते त्वचेच्या आत दडलेले असल्यामुळे साबण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

हा रोग ओळखावा कसा? रात्री अंथरुणात शिरल्यावर खाज वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, काखेत व कमरेभोवती बारीक पुरळ दिसते. कधी कधी पुरळाजवळ केसासारखी बारीक वाकडी रेघही आढळते. तेच त्या जिवाचे बीळ. खाजवून जखमा झाल्या की त्यांत पू होतो आणि दुखणे आणखी वाढते.

हा जीव रोगाचे कारण आहे, हे पटायला फार काळ लागला. इटलीतील बोनोमो या वैद्याने १६८७ साली सूक्ष्मदर्शकातून त्याला पाहून त्याचे वर्णन केले होते. तरी अनेक पंडितांचा विश्वास बसेना. पुढे १८३४ साली पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने हा जीव सुईच्या टोकावर काढून सर्वांस दाखविला. ही युक्ती त्याने आपल्या कॉर्सिका बेटावरील खेडवळ बायकांकडून उचलली होती. जे विद्वानांना दिसले नाही, ते त्या बायकांना ठाऊक होते!

आता एक महत्त्वाची गोष्ट. खरजेचा जीव अंगावर आला की लगेच खाज सुटते असे नाही. पहिल्या वेळी खाज सुटण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात तो मनुष्य निरोगी दिसतो, पण त्याच्यापासून दुसऱ्यास रोग होऊ शकतो. समजा, वसतिगृहाच्या एका खोलीत चार मुले राहतात. एकास खाज सुटली व त्याने एकट्यानेच औषध लावले, तर तो बरा होतो. पण काही दिवसांनी सोबत्यांपासून त्याला पुन्हा खरूज होते. म्हणून घरातील वा खोलीतील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी उपचार घ्यावा.

डॉक्टर बहुधा मलम देतात. ते रात्री मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत व नखांखालीही लावावे आणि सकाळी स्नान करावे. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आठवड्याने ते पुन्हा लावावे. कपडे, चादरी व टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. जीव मेल्यावरही काही आठवडे खाज राहते. तेवढ्याने घाबरून जाऊ नये.

डोक्यातील उवांची गोष्ट थोडी निराळी आहे. ऊ डोळ्यांना दिसते. तिच्या लिखा केसांना घट्ट चिकटलेल्या असतात. कोंड्यासारख्या त्या झटकून पडत नाहीत. ऊ उडत नाही की उड्या मारत नाही; डोक्याला डोके लागले की ती सरपटत पलीकडे जाते. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी नेटाने फिरविणे व डॉक्टरांनी दिलेले औषध लावणे, हा तिच्यावरचा उपाय. काही जण डोक्याला रॉकेल लावतात. ते अत्यंत घातक आहे. त्याने त्वचा भाजते आणि जवळ विस्तव असल्यास जीवही जाऊ शकतो.

पाणचक्कीपासून जवळच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. हे महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले. लोक या रुग्णालयाला ‘घाटी’ म्हणतात. मराठवाड्याच्या गावोगावचे रोगी तेथे येतात. पुष्कळ जण मात्र लाजेपोटी खरूज लपवितात आणि दवाखान्याची पायरी उशिरा चढतात. वास्तविक खरूज गरीब-श्रीमंत, स्वच्छ-अस्वच्छ असा भेद करीत नाही. ती होणे हा अपराध नव्हे. सोबत्यास खाज सुटली, तर त्याला हसू नये. त्याला वर्गाबाहेर एकटे बसवू नये. त्याने वेळीच वडीलधाऱ्यांना सांगावे म्हणून त्याला धीर द्यावा. हा शत्रू त्वचेखाली लपतो. आपणही त्याला लपविले, तर त्याचेच फावते.