देवळात ठरणारं पाणी

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली. संस्कृतीला त्यांत स्वतंत्र जागा मिळाली नाही. वारसा जपण्याचं एक कलम तेवढं शहरांच्या उद्दिष्टात, ११.४ क्रमांकाखाली बसवलं. मला हे खटकतं, ते बालीतल्या भातशेतीमुळे.

या इंडोनेशियन बेटावर ‘सुबक’ नावाची शेतकऱ्यांची मंडळं शतकानुशतकं पाणी वाटून घेतात. कोणी कधी लावणी करायची, कोणी शेत पडीक ठेवायचं, हे जलमंदिरांत ठरतं. १९७०च्या दशकात हरितक्रांती आली. नवी वाणं लावा, जमेल तितक्या वेळा पीक घ्या, असा सरकारी आग्रह सुरू झाला आणि मंदिराचं वेळापत्रक मोडलं. मागोमाग पाण्याची ओढाताण आली, तुडतुड्यांनी कहर केला.

गोम अशी, की शेजारची सगळी शेतं एकदम रिकामी झाली तर किडीची उपासमार होते. पण सगळ्यांनीच एकदम लावणी केली तर पाणी पुरत नाही. हा तोल मंदिरं सांभाळत होती. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि परिसंस्थातज्ज्ञ जेम्स क्रेमर यांनी संगणकावर प्रतिकृती करून पाहिली, तेव्हा मंदिरांच्या पद्धतीशी जुळणारी रचनाच भरघोस पीक देणारी निघाली. ज्याला निव्वळ पूजाअर्चा समजून बाजूला सारलं, ते बालीचं पाटबंधारे खातंच होतं म्हणा ना!

युनेस्कोनं २०१२ मध्ये सुबकच्या परिसराला जागतिक वारसा ठरवलं. २०२२ मध्ये मेक्सिकोत जमलेल्या संस्कृतिमंत्र्यांनी स्वतंत्र उद्दिष्टाची मागणी केली. सध्याच्या उद्दिष्टांची मुदत २०३० पर्यंत आहे.